नंबर संपले नाहीत, वाटले गेले

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या तरुण मित्रांपुढं केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना घातलं आहे. भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

मित्रहो, आयाबायांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या पोरांनो,

पत्रकात छापलंय की मी कविता वाचणार. कविता राहू द्या. आज मी आकड्यांवर बोलणार आहे.

कुणी म्हणेल, ह्या हमालाला इंटरनेटच्या नंबरांचं काय पडलंय? बरोबर आहे. मी दहावी, जुन्या भाषेत मॅट्रिक. बंदरात काम करतो. पण आकडा ही माझ्या रोजच्या भाकरीची वस्तू आहे. कंटेनर बघितलाय तुम्ही. त्याच्या अंगावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो. जगात कुठल्याही बंदरात जा, एका पेटीचा नंबर दुसऱ्या पेटीला नसतो. नंबर नसलेल्या पेटीला क्रेन हात लावत नाही, मग आत सोनं असो नाहीतर भंगार. पेटी तिथंच, धक्क्यावर, उन्हात.

आणि आपण बसलोय तो मुलूख आकड्यांचाच आहे. नाणेघाटात जा. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञ किती, गाई किती, कार्षापण किती दिले, सगळं दगडावर आकड्यांत कोरलंय. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांत त्यांची गणना होते. बाहेर दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. ज्याच्या हातात मोजदाद, त्याच्या हातात घाट. हे ह्या डोंगराला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक झालं पाहिजे म्हणून मी बोलतोय.

आता मुद्द्यावर येतो.

तुमच्या खिशातला मोबाईल, पंचायतीतला कॉम्प्युटर, शिष्यवृत्तीचा फॉर्म जिथं भरता तो सर्व्हर, ह्या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला नंबर लागतो. त्याला म्हणतात आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे चार आकडे, मधे टिंब, प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. असे एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे चारशे एकोणतीस कोटींच्या वर. हा हिशोब सप्टेंबर १९८१ मध्ये कागदावर पक्का झाला आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतलं तेव्हाचं सरकारी जाळं त्यावर चालू लागलं. रचणाऱ्यांपैकी व्हिंट सर्फ यांनी पुढं स्वतःच सांगितलंय की तो एक प्रयोग होता. प्रयोग आवरलाच नाही, जग त्यात राहायला आलं.

आता गंमत बघा. १९८१ साली जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या आसपास होती. म्हणजे पहिल्याच दिवशी माणशी एक नंबरसुद्धा नव्हता. रचणाऱ्यांना दुष्ट म्हणायचं कारण नाही. त्यांच्या डोळ्यापुढं काही विद्यापीठं होती, लष्कर होतं, मोठ्या कंपन्या होत्या. घोडेगावच्या आश्रमशाळेतली पोरगी त्यांच्या डोळ्यापुढं नव्हती. मोजणाऱ्याच्या डोळ्यापुढं आपण नसतो, ही आपली जुनीच ओळख.

मग वाटप झालं. वाटपाला वर्ग केले, ए, बी, सी. हसू नका, खरंच वर्ग म्हणायचे. ए वर्गाच्या धन्याला एका दमात १ कोटी ६७ लाख नंबर. बी वर्गाला ६५,५३६. सी वर्गाला २५६. ए वर्गाचे धनी सव्वाशेच्या आसपास, पण एकूण नंबरांतला निम्मा मुलूख त्यांच्यासाठी राखलेला. एखाद्याला तीनशे मशीनं जोडायची असली तर २५६ पुरत नाहीत, म्हणून त्याला सरळ ६५,५३६ चा पट्टा. बाकीचे पडून. एमआयटी नावाच्या एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाख. फोर्ड मोटार कंपनीला तेवढेच. ॲपल कंपनीला तेवढेच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडं वीस कोटींच्या वर. त्यातले साडेसतरा कोटी जाळ्यावर न दिसता पडीक होते, ते २०२१ साली जाहीर करण्यात आले. एमआयटीनं २०१७ साली सांगून टाकलं की आमच्याकडच्या नंबरांपैकी एक कोटी चाळीस लाख कधी वापरलेच गेले नाहीत, आणि किमान ऐंशी लाख आम्ही विकायला काढतोय.

कधी वापरलेच नाहीत! आणि आता विकायला!

मित्रहो, ह्याला आपल्या भाषेत काय म्हणतात? वतन म्हणतात. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्णीपण. जो आधी आला, दरबारात ज्याची ओळख, त्याच्या नावावर शिवार. नंतर आलेल्यानं विचारायचं नाही. महारकीलाही वतनच म्हणायचे, पण ते कसलं वतन? तुकडाभर जमीन आणि त्याबदली गावाची अन् सरकारची रात्रंदिवस राबणूक. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. कनिष्ठ ग्रामवतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. आणि जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीची. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन. तुमच्यातल्या कितीतरी घरांत तो उतारा पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असेल.

नंबरांच्या सातबाऱ्यावरही हेच आहे, मी उगाच जोडत नाही. १९९३ साली त्यांनी ए, बी, सी हे वर्ग मोडले. गरजेपुरता पट्टा कापून द्यायची नवी रीत आणली. चांगलं केलं. पण वर्ग मोडले तेव्हा आधीच्यांच्या हातातले पट्टे काढून घेतले नाहीत. ज्यांना जुन्या काळी फुकट मिळाले, त्यातल्या अनेकांनी पुढं कसला करारही केला नाही, वर्षाची फीही दिली नाही. हे झाले वर्ग एक. आणि आपल्याकडचं बघा. आशिया आणि पॅसिफिकच्या वाटणीचं काम एपनिक नावाची संस्था बघते, तिची कचेरी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिच्या हातात शेवटचा मोठा पट्टा उरला तो १०३ पासून सुरू होणारा. आपल्याकडच्या छोट्या छोट्या इंटरनेटवाल्यांचे नंबर १०३ नं सुरू होतात ते त्यामुळं. ह्या पट्ट्यातला नंबर घेतला की वर्षाची फी द्यायची, आणि घेतल्यापासून पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावर करायचा नाही. ही झाली नवी शर्त. शर्त वाईट नाही, साठेबाजी थांबवायला ती लागतेच. पण शर्त नेमकी शेवटी आलेल्यालाच का?

आता ‘संपले’ ह्या शब्दाकडं या. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाचं मुख्य कोठार रिकामं झालं. शेवटचे पाच मोठे पट्टे जगातल्या पाच विभागांना एकेक असे वाटले. त्याच वर्षी एप्रिलच्या मध्यात आपल्या विभागाचा नेहमीचा साठा आटला आणि रेशन सुरू झालं. कितीही मोठा अर्जदार असो, त्या शेवटच्या पट्ट्यातून जास्तीत जास्त १,०२४ नंबर. २०१९ पासून ते ५१२ वर आणले. खुद्द अमेरिकेच्या विभागाचा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये संपला, युरोपचा २५ नोव्हेंबर २०१९ ला. आफ्रिकेकडं त्यातल्या त्यात थोडे शिल्लक होते, तर २०१९ साली उघडकीला आलं की तिथले चाळीस लाखांवर नंबर कागदपत्रं फिरवून परस्पर दुसऱ्यांच्या नावावर झाले होते. तलाठ्याला हाताशी धरून फेरफार करतात ना, तसाच प्रकार.

पण मला सांगा, नंबर संपतो म्हणजे काय होतं? पाणी संपतं, ते वापरलं जातं, उडून जातं. तुमच्या कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. आवर्तन सुटलं की कालव्याच्या तोंडाचा भिजवून घेतो आणि टेलचा शेतकरी मोटारीकडं बघत बसतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत हे भांडण पोचलंय. तिथं निदान पाणी खरोखर कमी पडतं. नंबर झिजत नाही, मुरत नाही, बाष्प होऊन उडत नाही. चारशे एकोणतीस कोटी तेव्हा होते, आजही तेवढेच आहेत. म्हणून मी म्हणतो, नंबर संपले नाहीत, वाटले गेले. ‘संपले’ म्हटलं की दोष कुणाचाच नसतो. ‘वाटले गेले’ म्हटलं की विचारता येतं, कुणी वाटले? कुणाला?

हिशोब विचारा. अमेरिकेच्या नावावर दीडशे कोटींच्या वर नंबर, माणसं चौतीस कोटींच्या आसपास. भारताच्या नावावर चार कोटींच्या आसपास नंबर, माणसं एकशे चाळीस कोटींवर. तिकडं माणशी चार-साडेचार नंबर, इकडं पस्तीस माणसांत एक. टेलला कोण आहे ते समजलं?

आपण टेलला राहिलो ह्याचं एक कारण हे की आपण उशिरा आलो. सामान्य माणसासाठी इंटरनेट विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुलं केलं. तोवर तिकडं वर्ग मोडून दोन वर्षं झाली होती. पण उशीर म्हणजे काय तेही ह्याच तालुक्यात बघता येतं. नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाचं मोठं केंद्र उभं राहिलं, विक्रम साराभाईंच्या नावाचं, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. देशाचं परदेशाशी बोलणं आपल्या शिवारातल्या डिशमधून जाऊ लागलं. डिश जुन्नरच्या मातीत, बोलणं दिल्ली-मुंबईचं. यंत्र आपल्या उशाला असतं आणि पाळी शेवटची असते. उशीर हा आपला आळस नाही, तो आपल्यावर लादलेला असतो.

मग टेलवाल्यांनी दिवस कसे काढले? जुगाड केला. तोही तिकडच्याच हुशार डोक्यांनी शोधला, १९९४ साली. त्याला नॅट म्हणतात. मी त्याला मुकादम म्हणतो.

आमच्याकडं टोळी असते. टोळीत वीस गडी. बाहेरच्या ठेकेदाराला एकच नाव माहीत, मुकादमाचं. काम मुकादमाच्या नावावर येतं, पैसा मुकादमाच्या नावावर येतो. आतल्या वीस गड्यांना मुकादम ओळखतो, बाहेरचं जग ओळखत नाही. नॅट म्हणजे हेच. घरातल्या राउटरला बाहेरचा एक नंबर, आत दहा मोबाईल. आतले नंबर खासगी, कुणीही कितीदाही वापरावेत असे. प्रत्येक चाळीत खोली नंबर चार असतेच की, तसं. पुढं तेही पुरेना, तेव्हा कंपन्यांनी मुकादमावर मुकादम बसवला. एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठी बेचाळीस लाख नंबरांचा वेगळा पट्टाच राखून ठेवला गेला, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा. घराघरांचे राउटर त्या पट्ट्यातले, आणि कंपनीच्या दाराशी एकच खरा नंबर शेकडो घरांत वाटलेला.

हे वाटतात कसं? एका नंबराला ६५,५३६ खिडक्या असतात, पोर्ट म्हणतात त्यांना. समजा घरटी १,०२४ खिडक्या दिल्या, तर एका नंबरावर चौसष्ट घरं बसतात. ज्या छोट्या इंटरनेटवाल्याला रेशनवर ५१२ नंबर मिळाले, तो ह्या हिशोबानं बत्तीस हजारांवर घरं चालवू शकतो. टंचाईत गावं जगवायची ही युक्ती आहे आणि ती चालते. मी तिला शिव्या देत नाही. हा मुकादम नसता तर तुमच्या-माझ्या घरात इंटरनेट पोचायला आणखी दहा वर्षं गेली असती.

पण मुकादमाची किंमत गडी मोजतो. ती किंमत काय, ते सांगतो.

मागच्या वर्षी आम्ही चार पोरांनी ठरवलं. म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, गिरणीत आणि गोदीत हाडं झिजवलेल्या आजोबांच्या आठवणी, जुन्या सभांची भाषणं रेकॉर्ड करायची. ठेवायची आपल्याच कॉम्प्युटरवर, वस्तीतल्याच खोलीत. कुणा मोठ्या कंपनीच्या अंगणात नाही, की उद्या तिनं झाडू मारला अन् सगळं गेलं. वर्गणी काढून जुना कॉम्प्युटर घेतला. मित्रानं सगळी जुळणी केली. खोलीत ऐकलं तर आजीचा आवाज स्वच्छ. घाटकोपरच्या मित्राला म्हटलं, लाव. त्याला काही लागेना. तीन रात्री काढल्या. शेवटी कनेक्शन देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “तुमचा नंबर आतला आहे. बाहेरून कुणी येऊ शकत नाही. बाहेरचा पाहिजे तर वेगळे पैसे पडतील.” किती? तर महिन्याच्या बिलाइतकेच आणखी.

समजतंय का? आम्ही बाहेर जाऊ शकतो. सिनेमा बघू शकतो, खरेदी करू शकतो, दुसऱ्याच्या अंगणात जाऊन ओरडू शकतो. आमच्या दारात मात्र कुणी येऊ शकत नाही. गिऱ्हाईक म्हणून तुमचं स्वागत आहे, यजमान म्हणून तुम्ही नाही. ज्याचा स्वतःचा नंबर त्याचं घर. ज्याचा वाटणीचा नंबर त्याचा वळचणीचा आसरा. आजीच्या आवाजाला जगात पत्ता नाही, कारण पत्त्याचं भाडं आम्हाला परवडत नाही.

दुसरी किंमत ह्याहून वाईट. एका नंबरामागं चौसष्ट घरं. त्यातल्या एकानं काही उपद्व्याप केला, तर समोरचा सर्व्हर अख्खा नंबर बंद करतो आणि चौसष्ट घरं बाहेर. एकाच्या नावानं अख्ख्या वस्तीला शिक्षा, ही रीत आपल्याला नवीन आहे का? आणि पोलिसांनी विचारलं की ह्या नंबरामागं कोण, तर? नुसत्या नंबरावरून माणूस सापडत नाही. नंबर, खिडकी म्हणजे पोर्ट, आणि सेकंदापर्यंतची वेळ, तिन्ही जुळली तरच सापडतो. ह्या नोंदी ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत एक वर्षावरून दोन वर्षं केली. पण नोंद असणं वेगळं आणि नीट वाचणं वेगळं. २००७ साल आठवा. शिवाजी महाराजांची विटंबना करणारं चित्र ऑर्कुटवर कुणीतरी टाकलं. पुणे पोलिसांनी नंबरावरून माग काढला. टेलिफोन कंपनीनं त्या नंबराचा म्हणून ज्याचं नाव दिलं तो बंगळूरचा एक तरुण इंजिनिअर होता. त्याचा काही संबंध नव्हता. कंपनीनं दिलेली माहितीच चुकीची होती. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. इंजिनिअर माणूस, शिकलेला, बोलणारा, तरी पन्नास दिवस. त्या जागी आपल्या वस्तीतला पोरगा असता तर किती दिवस लागले असते, तुम्हीच मोजा. आणि हे वाटणीच्या नंबरांचा सुकाळ व्हायच्या आधीचं आहे. आता एका नंबरामागं चौसष्ट पोरं उभी आहेत.

तिसरी किंमत बाजाराची. टंचाई झाली की व्यापारी उगवतोच. मार्च २०११ मध्ये, कोठार आटल्यावर महिना-दोन महिन्यांत, नॉर्टेल नावाच्या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ नंबर मायक्रोसॉफ्टनं पंचाहत्तर लाख डॉलरला घेतले. नंबरी सव्वाअकरा डॉलर. जे फुकट मिळालं होतं ते! पुढं दहा वर्षांत भाव पन्नास डॉलरच्या वर जाऊन आला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉननं आपल्या सर्व्हरवरच्या प्रत्येक जुन्या नंबराला तासाला अर्धा सेंट भाडं लावलं. वर्षाचे होतात जवळजवळ चव्वेचाळीस डॉलर. वतनाची जमीन कुळाला खंडानं, तसा नंबर आता खंडानं. सगळेच तसे नसतात हेही सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठानं आपला १ कोटी ६७ लाखांचा पट्टा २००० साली परत देऊन टाकला. म्हणजे परत देता येतं. मनात असावं लागतं.

मग काय करायचं? वतनदाराच्या दारात तुकडा मागत उभं राहायचं?

नाही. एक तर तो तुकडा पुरायचा नाही. जुने सगळे नंबर आज पुन्हा समान वाटले, तरी जगात माणसं आठशे कोटींच्या वर आहेत. दोन माणसांत एक नंबर. वाटणी न्याय्य होईल, पोट भरणार नाही. म्हणून नवा गाव वसवायला हवा. तो आखून कधीचाच तयार आहे. सहाव्या आवृत्तीचे पत्ते, आयपीव्ही ६. पहिला आराखडा डिसेंबर १९९५ चा. त्यातले पत्ते किती? चौतीसवर सदतीस शून्यं. नेहमीच्या पद्धतीनं एका घराला जो सर्वांत लहान पट्टा देतात, त्यातच जुन्या जगात जेवढे नंबर तेवढी जुनी जगं बसतात. म्हणजे तुमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला खरा, बाहेरचा नंबर. मुकादमाची गरजच नाही.

आणि इथं एक मजा झाली. ह्या नव्या गावात राहायला जाण्यात आपला देश पुढच्या रांगेत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. कोट्यवधी गिऱ्हाइकं घ्यायची, आणि जुने नंबर आणायचे कुठून? म्हणून पहिल्यापासून नवे पत्ते. आज भारतातले सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक नव्या पत्त्यांवर पोचू शकतात, जगाचा आकडा निम्म्याच्या आसपास रेंगाळतो. ज्यांची कोठारं भरलेली त्यांना घाई नाही. वतनदार कधी गाव सोडतो का? ज्याला शिवारात जागा नव्हती तोच आधी निघाला. ही गोष्ट अंबानींच्या कौतुकासाठी सांगत नाही. धंद्याच्या गरजेनं झालं. पण झालं ते आपल्या कामाचं आहे.

तरी हुरळून जाऊ नका. जुने पत्ते आणि नवे पत्ते एकमेकांची भाषा समजत नाहीत. मधे दुभाष्या लागतो. ज्या वेबसाइटला फक्त जुनाच पत्ता आहे, तिथं जायला तुमच्या नव्या फोनलाही शेवटी जुना, वाटणीचा नंबरच लागतो. तुम्ही आंबेगावचे लोक हे बरोबर समजाल. आंबेगाव हे मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. जलाशयाला नाव आपल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचं, मुंबईत १२ डिसेंबर १९३० ला लॉरीखाली चिरडलेल्या गिरणी कामगाराचं. तालुक्याचं नाव आजही आंबेगाव, कचेरी घोडेगावला. गाव पाण्यात, नाव कागदावर. पुनर्वसन झालेल्या माणसाला कित्येक वर्षं दोन्ही पत्ते सांभाळावे लागतात, जुना सातबाऱ्यासाठी आणि नवा राहण्यासाठी. इंटरनेटचंही आज पुनर्वसन चाललंय. ते पुरं होईपर्यंत जुना साठा नीट, न्यायानं पुरवून वापरणं भाग आहे. नाहीतर ज्याच्याकडं जुनं आहे त्याला दोन्ही गावं, आणि आपल्याला अर्धं.

आणखी एक. नवा नंबर मिळाला म्हणून दार उघडलं असंही नाही. कंपन्या पुष्कळदा बाहेरून कडी घालून ठेवतात. सुरक्षेसाठी, असं सांगतात. कुलूप पाहिजेच, उघड्या दारातून चोरही येतो. पण माझ्या दाराची किल्ली माझ्या कमरेला पाहिजे.

तेव्हा मागण्या काय? मी मोर्च्याच्या घोषणा देत नाही, उद्या सकाळपासून करता येईल असं सांगतो.

पहिलं, आपला नंबर तपासा. राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून दाखवलेला नंबर १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही मुकादमाच्या टोळीत आहात. कुठं उभे आहोत ते आधी कळलं पाहिजे.

दुसरं, जो कनेक्शन देतो त्याला लेखी विचारा, आयपीव्ही ६ देता का? दूरसंचार खात्यानं नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितलंय की ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं प्रत्येक नवं तारेचं कनेक्शन ह्या नव्या पत्त्यांना लायक असलं पाहिजे. ही भीक नाही, हुकूम आहे. तो बजावून घ्या.

तिसरं, सरकारी वेबसाइटी. त्यांना त्याच हुकमात ३० जून २०२२ ची मुदत होती. शिष्यवृत्तीचं, दाखल्याचं, सातबाऱ्याचं पान नव्या पत्त्यावर लागतं का ते बघा. लागत नसेल तर अर्ज टाका. माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचं काम आहे.

चौथं, शाळा, वाचनालयं, बुद्धविहारं, तालमी, अशा सार्वजनिक जागांना बाहेरचा नंबर जादा भाड्याशिवाय मिळाला पाहिजे. आणि आपल्याकडच्या ज्या संस्थांच्या ताब्यात जुने पट्टे पडीक असतील, त्यांनी ते परत द्यावेत. २०१२ पासून आपल्या देशाची स्वतःची नोंदणी आहे, निक्सी ह्या संस्थेखाली, इरिन नावाची. कुणाला किती दिलं हे त्या वहीत उघड बघता येतं. वही वाचायला शिका. आपल्या बापजाद्यांना वही वाचता येत नव्हती म्हणून काय काय गेलं, ते सांगायला नको.

पाचवं, नंबर, पोर्ट आणि नेमकी वेळ, तिन्ही जुळल्याशिवाय कुणाच्या पोराला हात लावू द्यायचा नाही. वकील मित्रांनी हे वाक्य पाठ करावं.

आणि शिका रे. हे जाळं जोडणारी, राउटर लावणारी पोरं आपल्यातून निघाली पाहिजेत. खांबावर चढून वायर ओढणारा आपलाच असतो. नंबर कुठून येतो, कुणाला मिळतो, हे ठरवणाऱ्या खोलीत तो नसतो. एपनिकच्या बैठकीत नियम बदलायचा ठराव कुणीही मांडू शकतो, असं त्यांच्याच कायद्यात आहे. जुन्नरच्या पोरीनं तिथं ठराव मांडायला मला कुठली अडचण दिसत नाही. इंग्रजीची म्हणाल तर ती शिकता येते. बाबासाहेबांनी कौन्सिलात बिल मांडलं तेव्हा समोर बसलेले कोण होते?

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं ठरवलं की जातीच्या नावाच्या वस्त्यांची नावं बदलायची. पाटी बदलली की पत्ता बदलला, असं समजून घरी बसायचं नाही. पाटीवरच्या नावापाशी कुणाला पोचता येतं का, आणि तिथून आपला आवाज बाहेर जातो का, ते बघायचं. आमच्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर चालू आहे. कनेक्शन बदलून नवा पत्ता मिळवायच्या खटपटीत आम्ही आहोत. ज्यांना ही जुळणी येते त्यांनी सभा झाल्यावर मला भेटा. ज्यांना येत नाही पण शिकायचीय, त्यांनी आधी भेटा.

जय भीम.